मापाच्या ब्लाऊजऐवजी मापांची फाइल: सीमली टूडीवर पहिला ब्लाऊज

शिंप्याकडे ब्लाऊज टाकायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मापाचा ब्लाऊज आणलाय का?" तो मापाचा ब्लाऊज आधीच्या एखाद्या ब्लाऊजवरून बेतलेला असतो आणि तो त्याच्याही आधीच्या कुठल्यातरी. मधल्या काळात अंग बदलतं, पण गळ्याला पडणारा झोळ आणि काखेत काचणारा मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा वक्र) मात्र इमानाने पुढच्या ब्लाऊजमध्ये उतरतो. घरी शिवणाऱ्यांचीही हीच अडचण. क्लासच्या वहीतलं कोष्टक ३२, ३४, ३६ असं छातीवर चालतं आणि ३६ छातीच्या सगळ्या बायकांचे खांदे, पाठ, छातीची उंची सारखीच असणार असं धरून बसतं.

सीमली टूडीसारखं खाका (कपड्याच्या तुकड्यांचा कागदी आराखडा) काढण्याचं सॉफ्टवेअर इथे कामाला येतं. त्यात खाका सूत्रांनी मांडता येतो. माप बदललं की खाका आपोआप बदलतो आणि अंगावर घालून पाहिल्यावर सापडलेली दुरुस्ती कायमची नोंदवून ठेवता येते. फिटिंग मिळतं ते टेपने आणि मांजरपाटाच्या (साध्या कोऱ्या सुती कापडाच्या) नमुन्यानेच; सॉफ्टवेअर ते हरवू देत नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं

तयार कपड्यांच्या कारखान्यांत गर्बर, लेक्ट्रा, ऑप्टिटेक्स चालतात. ती महाग आहेत आणि घरच्या शिवणाला त्यांची गरज नाही. आपल्यासाठी मोफत पर्याय दोन प्रकारचे.

पहिला, फ्रीसोइंग. हे ब्राउझरमध्ये चालतं. आपली मापं भरायची, शर्ट, ट्राउझर, टी-शर्ट अशा तयार नमुन्यांतून एक निवडायचा, आणि तो आपल्या मापात काढून मिळतो. तिथले बहुतेक नमुने पाश्चात्त्य पेहरावाचे आहेत. ज्यांना खाका काढता येत नाही आणि शिकायचाही नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरा, व्हॅलेंटिना आणि सीमली टूडी. युक्रेनच्या रोमन तेलेझिन्स्की यांनी २०१३ मध्ये व्हॅलेंटिना सुरू केलं. सीमली टूडी ही त्याच मुळातून फुटलेली फांदी, त्यामुळे दोन्हींची कामाची रीत जवळपास एकच आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात, मोबाइलवर नाही. साधा लॅपटॉप पुरतो. इथे कोरा कागद मिळतो आणि खाका आपणच काढायचा असतो. ज्यांनी क्लासमध्ये ब्राऊन पेपरवर एकदा तरी ब्लाऊज काढलाय त्यांना मी निःशंकपणे हेच सुचवेन, कारण आपला चार टक्सचा (कापड चिमटून आकार देणाऱ्या शिलायांचा) ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट हे सगळं त्यात हवं तसं मांडता येतं. पुढची माहिती सीमली टूडी धरून आहे.

मापं: इथे घाई करू नका

स्वतःची मापं स्वतः घेऊ नका. हात वर केला की खांदा सरकतो आणि माप चुकतं. कुणालातरी घ्यायला सांगा. जे अंतर्वस्त्र त्या ब्लाऊजखाली घालणार, तेच घाला. ते बदललं की छातीचा उंचवटा अर्धा-पाऊण इंच वर-खाली होतो. टेप अंगाला टेकलेला असावा, आवळलेला नको. पाठीमागे तो खाली घसरत नाही ना, हे आरशात पाहा.

ब्लाऊजसाठी एवढी मापं लागतात: वरची छाती (काखेखालून, उंचवट्याच्या वर), पूर्ण छाती, ब्लाऊज जिथे संपतो तिथला घेर, शोल्डर (एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत), शोल्डरपासून (मान आणि खांदा जुळतो तिथून) टक्स पॉइंट म्हणजे छातीच्या उंचवट्याचं टोक, दोन टक्स पॉइंटमधलं अंतर, पुढची लांबी, मागची लांबी, मुंढाघेर, दंडघेर, बाहीची लांबी, आणि गळ्याची पुढची-मागची खोली.

यातल्या दोन मापांबद्दल थोडं सविस्तर.

वरची छाती बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. शोल्डर आणि मुंढा पूर्ण छातीवरून काढला, तर भरलेल्या छातीच्या बाईचा खांदा उगाच रुंद होतो आणि गळा पुढून उघडा पडतो. हाडांची ठेवण वरच्या छातीत कळते. म्हणून मुंढ्याची खोली वरच्या छातीवरून आणि पुढच्या भागाची रुंदी पूर्ण छातीवरून काढायची.

दुसरं, पुढची आणि मागची लांबी वेगवेगळी मोजा. मान आणि खांदा जुळतो त्या बिंदूपासून पुढे टक्स पॉइंटवरून खालच्या कडेपर्यंत आणि मागे पाठीवरून तेवढ्याच उंचीपर्यंत. खालची कड सरळ राहावी म्हणून अंगाभोवती नाडी बांधून घ्या. या दोन लांबींतला फरक म्हणजे छातीच्या उंचवट्याला लागणारं जास्तीचं कापड. तोच फरक पुढे टक्समध्ये बसवायचा आहे.

उदाहरणासाठी ही मापं धरू, सगळी इंचात: वरची छाती ३४, पूर्ण छाती ३६, खालचा घेर ३०, शोल्डर १४, शोल्डर ते टक्स पॉइंट १०, टक्स पॉइंटमधलं अंतर ७.५, पुढची लांबी १४.५, मागची १३.५.

मापांची फाइल

सीमली टूडीबरोबर सीमली मी नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. मापं त्यात भरायची. नवी फाइल उघडताना एकाच व्यक्तीची मापं, म्हणजे इंडिव्हिज्युअल, हा प्रकार निवडा आणि एकक इंच ठेवा. आपले टेप, आपले क्लास, आपले शिंपी सगळे इंचात बोलतात. सेंटिमीटरच्या मागे लागून काही साधत नाही. फक्त सव्वा, साडे, पावणे हे दशांशात भरायचं. सव्वाचौदा १४.२५, साडेचौदा १४.५, पावणेपंधरा १४.७५. एक सूत म्हणजे ०.१२५.

प्रोग्रॅममध्ये छाती, कंबर, खांदा अशी शेकडो तयार मापं आहेत, आकृत्यांसकट. आपलं माप त्यात नेमकं सापडलं नाही तर स्वतःचं नवीन माप नाव देऊन घालता येतं. ब्लाऊजचा खालचा घेर हे असंच माप. ते कंबरेच्या रकान्यात कोंबू नका, नाहीतर पुढे कुर्ता काढायच्या वेळी गोंधळ होईल. फाइलच्या नावात व्यक्ती आणि महिना लिहा. टिपणाच्या जागेत कोणतं अंतर्वस्त्र घालून मापं घेतली तेही लिहून ठेवा.

मागचा भाग: पहिला खाका

सीमली टूडी उघडून मापांची फाइल जोडा. काम ड्राफ्ट मोडमध्ये सुरू होतं. एका बिंदूपासून ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात दुसरा बिंदू टाकायचा, हे इथलं मुख्य हत्यार. कोन असे: उजवीकडे ०, वर ९०, डावीकडे १८०, खाली २७०. एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं.

सुरुवातीलाच व्हेरिएबल्सच्या तक्त्यात तीन नावं तयार करून ठेवा: लूजिंग (अंगाच्या मापापेक्षा जास्त ठेवलेला सैलपणा) १, खांद्याचा उतार ०.७५, मागचा टक्स १. हे आकडे थेट खाक्यात लिहू नका. कारण पुढे येईलच.

१. पाठीच्या मध्यावर वरचा बिंदू क. तिथून खाली, २७० अंशांत, मागची लांबी: बिंदू ख.

२. क पासून खाली मुंढ्याची खोली: वरची छाती भागिले ६, अधिक १. आपल्या उदाहरणात साधारण ६.६७ येते. क्लासागणिक हे सूत्र बदलतं. तुमच्या वहीतलं सूत्र तुम्हाला चांगलं बसत असेल तर तेच ठेवा. हा बिंदू ग.

३. ग पासून उजवीकडे छाती भागिले ४, म्हणजे ९. हा काखेचा बिंदू.

४. क पासून उजवीकडे शोल्डर भागिले २, म्हणजे ७, आणि तिथून खाली खांद्याचा उतार.

५. क पासून उजवीकडे गळ्याची रुंदी, साधारण ३, आणि क पासून खाली गळ्याची खोली. गळ्याच्या टोकापासून उतरलेल्या खांद्यापर्यंत रेघ: झाली शोल्डरची शिलाई.

६. ख पासून उजवीकडे खालचा घेर भागिले ४, अधिक मागचा टक्स. ७.५ अधिक १, म्हणजे ८.५. छातीच्या ९ पासून खाली ८.५ वर बाजूची शिलाई अर्धा इंच आत येते.

मुंढा आणि गळा वक्र रेघेने जोडा. वक्राची दोन टोकं धरून ओढता येतात. मुंढा खांद्याकडून थोडा सरळ उतरून काखेजवळ वळला पाहिजे. डोळ्यांना जे बरं दिसतं ते बहुतेक वेळा अंगावरही बरं बसतं.

प्रत्येक सूत्रात माप नावाने यायला हवं. छातीच्या जागी नुसता ३६ टंकला तर खाका काढायला वेळ कमी लागेल, पण तो पुन्हा वहीतल्या कोष्टकासारखाच होईल.

पुढचा भाग आणि बाजूचा टक्स

पुढचा भाग मागच्यासारखाच काढायचा, पण फरक तीन.

छातीची रुंदी: छाती भागिले ४, अधिक लूजिंग भागिले २. आपल्याकडे ९.५. मागचे ९ आणि पुढचे ९.५ मिळून अर्ध्या अंगाला १८.५, पूर्ण ३७. म्हणजे पुरा एक इंच लूजिंग, तोही जिथे गरज आहे तिथे, पुढे. कुर्त्याला हेच लूजिंग तीन-चार इंच लागेल.

टक्स पॉइंट: मध्यापासून टक्स पॉइंटमधल्या अंतराचं अर्धं, म्हणजे ३.७५, आणि गळ्याच्या टोकापासून १० इंचांवर. खालचा टक्स या बिंदूच्या साधारण पाऊण ते एक इंच अलीकडेच थांबवा. टक्स नेमका टोकापर्यंत नेला की तिथे टोचरा शेंडा दिसतो.

लांबी: पुढची लांबी १४.५, मागची १३.५. आता पुढची बाजूची शिलाई मागच्यापेक्षा एक इंचाने लांब होईल. तो इंच बाजूच्या टक्समध्ये दाबायचा. त्या टक्सची रुंदी म्हणून १ लिहू नका. पुढची लांबी वजा मागची लांबी असं सूत्र लिहा. वहीतल्या कोष्टकात बाजूचा टक्स सगळ्यांना सारखाच असतो. इथे तो प्रत्येक अंगाचा वेगळा निघतो. एखादीचा दीड इंच, एखादीचा अर्धा. मला या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

टक्स मिटवल्यावर पुढच्या-मागच्या बाजूच्या शिलाया समान येतात का, हे तक्त्यात रेघांच्या लांबीवरून पडताळा. सॉफ्टवेअर प्रत्येक रेघेची आणि वक्राची लांबी मोजून ठेवतं.

बाही काढतानाही हीच लांबी वापरा. पुढचा मुंढा अधिक मागचा मुंढा, एवढी एकूण लांबी. बाहीचा वरचा वक्र तेवढा किंवा फार तर अर्धा इंच जास्त असावा. कागदावर हे मोजायला टेप उभा धरून वक्रावरून फिरवावा लागतो आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. इथे एका नजरेत कळतं. बाही बसवताना चुण्या पडत असतील तर आधी हे दोन आकडे बघा.

तुकडे, माया आणि खुणा

खाका झाला की पीस मोडमध्ये जाऊन एकेक तुकडा वेगळा काढायचा. कडेचे बिंदू आणि वक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने क्रमाने निवडा. क्रम उलटा झाला तर माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) चुकीच्या बाजूला जाते.

माया सगळीकडे सारखी नको. बाजूला एक इंच ठेवा, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल. शोल्डर आणि मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव. प्रत्येक कडेची माया वेगळी देता येते, तेवढा त्रास घ्या. पुढच्या मध्याला हुकपट्टीचं कापड लक्षात ठेवा. उभ्या धाग्याची (कापडाच्या किनारीला समांतर) रेघ प्रत्येक तुकड्यावर हवीच, आणि मुंढ्यावर बाही जुळवायची खूणही.

छपाई

लेआउट मोडमध्ये तुकडे कागदावर मांडून पीडीएफ काढता येते, हवी तर ए४ च्या पानांत विभागून. ब्लाऊजचा पुढचा भाग साधारण चार पानांत मावतो. पानं चिकटवायचा कंटाळा असेल तर इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लॉटर असतो. तिथे ए१ किंवा ए० आकारात एकाच कागदावर काढून मिळतं.

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद, आकार १०० टक्के. खात्रीसाठी खाक्यात ४ इंचांचा एक चौकोन वेगळा तुकडा म्हणून घाला आणि छापल्यावर तो पट्टीने मोजा. प्रिंटरने तीन टक्के आकार कमी केला तर डोळ्यांना काही जाणवत नाही, पण ३६ इंचांवर तो एक इंचाहून जास्त होतो. म्हणजे तुमचं सगळं लूजिंग गेलं.

लेआउट कागद वाचवण्यासाठी तुकडे फिरवूनही मांडतं. कागदापुरतं ते चालेल. कापडावर मात्र उभ्या धाग्याच्या रेघेनेच ठेवा. खणाचा ब्लाऊज असेल तर पन्हा (कापडाची रुंदी) आधी मोजा, तो अरुंद असतो, आणि काठ कुठे यायला हवा ते ठरवूनच तुकडे मांडा.

मांजरपाटाचा नमुना

पहिला ब्लाऊज थेट पैठणीच्या ब्लाऊजपीसवर कापू नका. मांजरपाट धुऊन, इस्त्री करून घ्या. त्यावर मध्याची रेघ आणि छातीची रेघ पेनने आखा, लांब टाक्यांची टीप मारून जोडा, बाही एकच लावली तरी चालेल. घालून पुढून मिटवायला टाचण्या लावा. मग मोबाइलवर पुढून, बाजूने, मागून फोटो काढून घ्या. मान वळवून आरशात पाहिलं की पाठीच्या चुण्या बदलतात.

छातीची रेघ जमिनीला समांतर आहे का ते आधी बघा. पुढून वर चढली असेल तर पुढची लांबी कमी पडतेय. मुंढ्याकडून टक्स पॉइंटकडे तिरक्या चुण्या येत असतील तरी कारण तेच: बाजूचा टक्स वाढवायला हवा. मानेपासून काखेकडे तिरक्या चुण्या म्हणजे तुमचे खांदे खाक्यापेक्षा जास्त उतरते आहेत. मागे मानेखाली आडवी घडी पडत असेल तर उलट, खांदे सरळ आहेत आणि उतार कमी करायला हवा.

पुढचा गळा सुटत असेल तर चिमटीत जेवढं कापड येतं तेवढं टाचणीने धरा. पाव-अर्धा इंच असेल तर गळ्याची रुंदी पुढून तेवढी कमी करा. एक इंच असेल तर वरच्या छातीचं माप पुन्हा घ्या.

हात वर केला की ब्लाऊज सगळा वर ओढला जातो, ही सर्रास येणारी तक्रार. अशा वेळी बहुतेक जण मुंढा आणखी खोल कापतात. त्याने त्रास वाढतो. खोल मुंढ्यात बाही कमरेकडून ओढली जाते. मुंढा काखेला जवळ असेल तर हात मोकळा फिरतो. मुंढ्याची खोली पाव इंच कमी करून बघा आणि बाहीचा वक्र नव्या लांबीला जुळवा.

दुरुस्ती फाइलमध्ये परत

टाचण्या लावल्या, खडूने खुणा केल्या, कागद कापून चिकटवला आणि ब्लाऊज छान बसला. इथेच बरेच जण थांबतात आणि पुढच्या वेळी पुन्हा जुन्या खाक्यावरून सुरुवात करतात. टाचणी काढण्याआधी ती किती आणि कुठे होती ते मोजा, आणि कारण कुठलं ते ठरवा.

माप चुकलं होतं? सीमली मीमध्ये माप बदला. खांदे जास्त उतरते निघाले? व्हेरिएबल्समध्ये खांद्याचा उतार ०.७५ चा १ करा. एकूणच सैल हवं? लूजिंग बदला. सूत्रच तुमच्या अंगाला जमत नाही, उदाहरणार्थ मुंढा? मग सूत्रातला अधिक १ चा अधिक ०.७५ करा. मघाशी आकडे थेट खाक्यात लिहू नका म्हटलं ते यासाठी: एका जागी बदललं की पुढचा, मागचा, टक्स, मुंढा सगळं एकदम जुळतं. बदल केल्यावर फाइल नव्या नावाने, तारखेसह साठवा. जुनी पुसू नका.

दुसरा नमुना शिवून पाहिल्याशिवाय चांगल्या कापडाला हात लावू नये. तो अस्तराच्या कापडातच शिवला तर वायाही जात नाही. बसला तर तेच अस्तर वापरायचं.

दुसऱ्या व्यक्तीसाठी

बहिणीची, सासूबाईंची मापं दुसऱ्या फाइलमध्ये भरून त्याच खाक्याला जोडता येतात. फाइल बदलताच सगळे बिंदू हलतात. वक्र मात्र तपासा. मुंढ्याचं किंवा गळ्याचं टोक तुम्ही माउसने ओढून ठरवलं असेल तर त्याची लांबी नुसत्या आकड्यात साठलेली असते, आणि २८ छातीच्या मुलीच्या खाक्यात तो वक्र फुगून बाहेर येतो. वक्रावर दोनदा क्लिक करून त्या लांबीच्या जागी सूत्र लिहा, उदाहरणार्थ काखेच्या बिंदूपासून खांद्यापर्यंतच्या अंतराचा तिसरा भाग. मग अगदी लहान आणि अगदी मोठ्या मापांची फाइल आळीपाळीने जोडून मुंढा दोन्हीकडे नीट वळतो का ते बघा, आणि त्यानंतरच तुकडे छापायला द्या.